कंट्रोल रॉडचा नट परत लावताना

7 डिसेंबर 2011 रोजी लास व्हेगासजवळ पर्यटकांना घेऊन निघालेलं एएस 350 हेलिकॉप्टर अचानक वर चढलं, वळलं आणि डोंगरात कोसळलं. वैमानिक आणि चार प्रवासी, पाचही जण गेले. आदल्याच दिवशी 100 तासांची तपासणी होऊन त्याला पुढे-मागे झुकवणारा सर्व्हो (वैमानिकाच्या हालचालीला जोर देणारं यंत्र) बदलला होता. चौकशीत कारण निघालं ते एवढंसंच: सर्व्होच्या इनपुट रॉडचा, म्हणजे वैमानिकाची हालचाल सर्व्होपर्यंत नेणाऱ्या कंट्रोल रॉडचा, बोल्ट निसटला. झिजलेला सेल्फ-लॉकिंग (स्वतःच घट्ट धरून राहणारा) नट पुन्हा वापरला होता, आणि स्प्लिट पिन (नट उलगडू नये म्हणून बोल्टच्या भोकातून घालून पाय वाकवायची पिन) एकतर नीट बसली नव्हती किंवा लावलीच नव्हती.

असा जोड उघडलात तर आधी देखभाल पुस्तिका बघा. नट दर वेळी नवा लावा असं तिथे लिहिलं असेल, तर पुढची चाचणी करत बसू नका.

जुना नट चालणार असेल तर नटाचे आणि बोल्टचे आटे स्वच्छ पुसा आणि नट बोटांनी फिरवा. सुरुवातीचे आटे सहज जातील. बोल्टचं टोक नटाच्या लॉकिंग भागात शिरलं की बोटांना तो पुढे सरकवता येता कामा नये. सरकला, तर नट भंगारात. नायलॉनची रिंग दर वेळी थोडी कापली जाते, धातूच्या नटाचं दाबलेलं तोंड हळूहळू सैल होतं. वरून मात्र दोन्ही नव्यासारखेच दिसतात. मोठ्या मापांसाठी टॉर्क, म्हणजे नट फिरवायला लागणारा पीळ, मोजा. अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएए हिच्या तक्त्यात, नट टेकण्याआधी फिरवायला लागणारा किमान टॉर्क बारीक आट्यांच्या 7/16 इंची नटाला 8 आणि 1/2 इंचीला 10 इंच-पाउंड आहे. अंतिम टॉर्क लावताना, नट टेकण्याआधी मोजलेला हा टॉर्क त्यात मिळवायचा, नाहीतर जोड कमी आवळला जातो. शंका आली की नवा नट घ्या. इथे काटकसर कसली?

आता पिन. खाचांच्या (पिन जायला वर खाचा असलेल्या) नटाला टॉर्कच्या खालच्या मर्यादेपर्यंत आवळा, मग वरच्या मर्यादेच्या आत खाच आणि भोक जुळेपर्यंत पुढे न्या. जुळत नसेल तर वॉशर बदला. नट मागे फिरवून खाच जुळवणं हा सर्रास होणारा आणि सर्वांत वाईट उपाय. पिन दर वेळी नवी. एक पाय बोल्टच्या टोकावर वाकवा, तो बोल्टच्या व्यासाबाहेर जाऊ नये. दुसरा खाली वाकवा, पण वॉशरला टेकू देऊ नका. लांब असेल तर छाटा आणि तुकडा मोजून बाहेर काढा.

दुसऱ्या माणसाची तपासणी पॅनेल बंद करण्याआधीच व्हावी. ती करणाऱ्याने आरसा आणि टॉर्च घेऊन पिनचे दोन्ही पाय स्वतः पाहावेत. 'लावली' या शब्दावर सही नको. लास व्हेगासच्या अपघातात मेकॅनिक आणि तपासनीस दोघांचा थकवा आणि कामाच्या पायऱ्या स्पष्ट नसणं ही कारणंही नोंदली गेली. म्हणून जॉब कार्डवर 'सर्व्हो बसवला' अशी एकच ओळ न ठेवता नट, टॉर्क आणि पिन यांना वेगळ्या सह्या ठेवा.

कंट्रोल टोकापासून टोकापर्यंत हलवून पाहणं गरजेचंच, पण त्यातून गायब पिन कळत नाही. पिनशिवायही जोड सुरळीत चालतो. नट कंपनाने थोडा थोडा उलगडत जातो. दुरुस्तीनंतर ते हेलिकॉप्टरही आधी नीट उडालं होतं.