माणसाआधी त्याचं काम तपासा

आमच्या हिशेब विभागातला सगळ्यात शांत माणूस एका सोमवारी स्क्रीनवर साधा अहवाल उघडून पाऊण तास नुसता बघत बसला होता. त्याच्या हातून चूक होत नसे, म्हणून महिनाअखेरीचं किचकट काम मी कायम त्याच्याच गळ्यात घालत आले होते. जवळ जाऊन विचारलं, तर म्हणाला, “आकडे दिसतायत मॅडम, पण कळत नाहीयेत.”

मी त्याला ताणमुक्तीच्या कार्यशाळेला पाठवलं. आपण काहीतरी चांगलं करतोय असंच मला वाटत होतं. परत आल्यावर त्याने सांगितलं की कार्यशाळा छान होती, फक्त त्या दोन तासांचं राहिलेलं काम त्याने रात्री बसून संपवलं. पुढच्या महिन्यात तो दीर्घ रजेवर गेला. तेव्हापासून मी काम करण्याची पद्धत बदलली. हाताखाली चार माणसं असोत की चाळीस, उपयोगी पडेल असं त्यातलं इथे सांगते.

आधी कार्यशाळांबद्दल. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची उत्तरं तपासून २०२४ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. माइंडफुलनेस (लक्ष चालू क्षणावर ठेवण्याचा सराव), मनाच्या लवचिकतेचं प्रशिक्षण, झोपेची अ‍ॅप्स अशा उपक्रमांत भाग घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा बऱ्या स्थितीत असल्याचं त्यात दिसलं नाही. असे वर्ग बंद करा, असं मी म्हणत नाही. पण कामाचा बोजा तसाच ठेवून श्वास मोजायला शिकवणं म्हणजे गळक्या छपराखाली बसलेल्याला टॉवेल देणं.

म्हणून सुरुवात कामापासून करा. प्रत्येकासोबत अर्धा तास बसा आणि मागच्या दोन आठवड्यांत त्याने केलेली सगळी कामं कागदावर लिहून काढा. यादीत नसलेलीही: नवीन आलेल्याला शिकवणं, दुसऱ्याच्या रजेत त्याचे फोन घेणं, ‘जरा बघून दे ना’ म्हणून आलेल्या फाइली. प्रत्येक कामापुढे दोन गोष्टी लिहा: हे कोणी सांगितलं आणि मुदत कोणी ठरवली. त्या शांत माणसाची यादी मी फार उशिरा केली. एकवीस कामं निघाली. त्यातली नऊ मला माहीतच नव्हती आणि एकाही कामाची मुदत त्याने स्वतः ठरवलेली नव्हती.

हा दुसरा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कामाच्या ताणाचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की मागणी जास्त आणि निर्णयाची मुभा कमी, अशा जागी ताण सर्वाधिक असतो. ब्रिटनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासातही कामावर ताबा कमी असलेल्यांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण जास्त आढळलं. तेव्हा काम कमी करणं तुमच्या हातात नसेल, तरी ताबा वाढवता येतो. कोणतं काम आधी घ्यायचं ते त्याला ठरवू द्या. मुदत देण्याआधी ‘तुला किती दिवस लागतील?’ असं विचारा. शिफ्टचं वेळापत्रक आदल्या दिवशी लावू नका, निदान दोन आठवडे आधी लावा. आणि नवं काम देताना त्याच वाक्यात कोणतं जुनं काम थांबवायचं तेही सांगा. हे मला सगळ्यात जड गेलं, कारण थांबवलेल्या कामाबद्दल मग मला वरच्यांशी बोलावं लागतं. पण ते बोलणं माझ्याच पगारात येतं, त्याच्या नाही.

रात्री मेसेज पाठवत असाल तर आजच थांबवा. मी अकरा वाजता ‘उद्या बघ’ असं लिहून पाठवायची. माझ्या मते ती फक्त नोंद होती; पण समोरचा ती वाचून जागा राहायचा. आता सुचलेलं रात्री लिहून ठेवते आणि सकाळी पाठवते.

आता बोलण्याबद्दल. माणूस बदललेला दिसला की आठवडाभरापेक्षा जास्त थांबू नका. गप्प होणं, साध्या चुका, सारखी डोकेदुखी, एरवी हसतमुख असलेल्याचं खेकसणं, आणि उशिरापर्यंत थांबूनही काम न उरकणं ही लक्षणं मी बघते. काचेच्या केबिनमध्ये बोलावू नका, सगळ्यांना दिसतं. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगा: “गेले तीन आठवडे तू मीटिंगमध्ये बोलत नाहीस, काल फाइल दोनदा परत आली. मला काळजी वाटली. कसं चाललंय?” मग गप्प बसा. ती शांतता अवघड जाते, पण मध्ये बोलू नका. ‘तुला डिप्रेशन आलंय’ हे सांगणं आपलं काम नाही. बर्नआउट हा शब्दही जपून वापरा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तो आजार म्हणून नव्हे, तर नोकरीशी निगडित अवस्था म्हणून नोंदवला आहे: थकवा, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्याकडून काही होत नाही ही भावना. कारण म्हणून नीट न हाताळलेला, दीर्घकाळचा कामाचा ताण दिला आहे. म्हणजे पुन्हा आपल्याच दारात.

‘सकारात्मक राहा’, ‘सगळ्यांनाच असतं’, ‘माझ्यावेळी तर...’ ही वाक्यं गिळून टाका. त्याऐवजी मी विचारते, “माझ्याकडून कोणती एक गोष्ट बदलली तर पुढचा आठवडा सोपा जाईल?” उत्तर बहुतेकदा छोटं असतं. एकीने फक्त सकाळची नऊची मीटिंग साडेनऊला मागितली होती. अशी मागणी दोन दिवसांत पूर्ण करा, नाहीतर पुढच्या वेळी तो माणूस तोंड उघडणार नाही.

बोलणं सुरू होण्याआधीच गुप्ततेची मर्यादा सांगून ठेवा: हे माझ्यापाशी राहील, फक्त जिवाला धोका वाटला तर मी मदत बोलावेन. आणि कुणी ‘सगळं संपवावंसं वाटतं’ असं म्हणालं, तर सरळ विचारा: “जीव देण्याचा विचार मनात येतोय का?” विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडू नका, घरच्या कोणाला कळवायचं ते त्यालाच विचारा, आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा आपत्कालीन सेवेपर्यंत पोहोचवा. हे फोन नंबर आत्ताच शोधून जवळ ठेवा.

रजेवरून परत येणाऱ्याची तयारी तो येण्याआधी करायची. हिशेब विभागातल्या त्या शांत माणसाला मी फोनवर विचारलं होतं, टीमला काय सांगू? तो म्हणाला, “बरं नव्हतं, एवढंच.” तेवढंच सांगितलं. रजेत साचलेले मेल त्याच्या माथी मारले नाहीत. कामं वाटून टाकली होती. महिनाअखेर आता दोघांत विभागली आहे आणि पहिला महिना तो अर्धा दिवस येत होता. पहिले चार आठवडे दर शुक्रवारी पंधरा मिनिटांची भेट ठेवा. त्यात अहवाल मागू नका. भेट रद्द करावीच लागली, तर त्याच क्षणी पुढची वेळ द्या.