चार तत्त्वांतून स्वतःचा स्वभाव कसा ओळखावा

आपल्याकडे पंचमहाभूते मानली जातात. ग्रीक विचारवंत एम्पेडोक्लीस याने मात्र इ.स.पू. 5व्या शतकात पृथ्वी, आप (पाणी), तेज (अग्नी) आणि वायू ही चारच मूलतत्त्वे मांडली. यांपैकी कोणते तत्त्व आपल्या स्वभावाशी जुळते हे पाहण्यासाठी आठवडाभर रोज रात्री दिवसातला एक अडचणीचा प्रसंग आणि आपली पहिली प्रतिक्रिया वहीत लिहावी. उदाहरणार्थ, पेरणीनंतर पावसाने ओढ दिली असता तडकाफडकी दुबार पेरणीचे बियाणे आणणारा तेजाचा, पारावर दहा जणांशी चर्चा करणारा वायूचा, घरच्यांच्या काळजीने व्याकूळ होणारा आपाचा, आणि मराठवाड्यातील काळ्या जमिनीसारखा ओल धरून थांबणारा पृथ्वीचा समजावा. बहुधा दोन तत्त्वे मिसळलेली आढळतात. हे आत्मनिरीक्षणाचे साधन आहे, विज्ञान नव्हे; सोयरीक जुळवताना तर ते मुळीच वापरू नये.