माणसं वाचताना या चुका टाळा: खाली गेलेली नजर म्हणजे खोटेपणा नव्हे

हाताची घडी घातली म्हणजे पटलेलं नाही. नाकाला हात लावला म्हणजे काहीतरी लपवतोय. देहबोली शिकायला लागलं की असली कोष्टकं आधी पाठ होतात, आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

नजर चुकवली, म्हणजे खोटं बोलतोय

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि आपल्या खानदेशात ती कुणाच्या तरी पोटावर येते. धडगावकडचा पावरा आदिवासी मुलगा जळगावला नाहीतर धुळ्याला नोकरीच्या मुलाखतीला येतो. समोर वयाने मोठी तीन-चार माणसं. तो खुर्चीच्या कडेवर बसतो, दोन्ही हात गुडघ्यांत, नजर टेबलाच्या काठावर. उत्तरं बरोबर देतो, पण थांबत थांबत. तो बाहेर पडला की शेरा पडतो, ‘आत्मविश्वास नाही’ किंवा ‘काहीतरी लपवतोय’. मोठ्यांच्या नजरेला नजर देऊ नये, हे कित्येक घरांत लहानपणापासून शिकवतात. त्यात घरी पावरी बोलणाऱ्याला मराठीत उत्तर जुळवायला दोन क्षण जास्त लागणारच. अशा मुलाला या कारणावरून घरी पाठवणं अन्यायाचं आहे.

नजर चुकवणं खोटेपणाचा पुरावा म्हणून संशोधनातही टिकलेलं नाही. बाँड आणि डीपॉलो या अभ्यासकांनी २००६ मध्ये आधीच्या कितीतरी प्रयोगांचे निकाल एकत्र मांडले. २४ हजारांहून जास्त लोकांनी त्यांत खरं-खोटं ओळखायचा प्रयत्न केला होता. सरासरी यश ५४ टक्के. नुसता अंदाज ठोकला तरी ५० टक्के बरोबर येतात. म्हणजे माणसाकडे बघून खोटं ओळखणं मुळातच फारसं जमत नाही.

मग करायचं काय? पहिली पाच मिनिटं गाव, शेती, एसटीचा प्रवास यावर बोला. तेव्हाही नजर खालीच असेल, तर ती त्याची रीत आहे, सोडून द्या. एखाद्याच प्रश्नाला आवाज बदलला, हात आखडले, तर तिथे पुन्हा हळू विचारा. त्या प्रश्नाने काहीतरी हललं, एवढंच यावरून कळतं. भीती, लाज की जुना त्रास, ते तोच सांगू शकतो.

उन्हाला राग समजणं

मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या घरात जातो. दुपारी गाडीवरून आलेल्या माणसाच्या कपाळावर आठ्या असणार, तो घामेजलेला असणार, बोलणंही तुटक असणार. आधी माठातलं पाणी द्या, पंख्याखाली बसू द्या. थंडीत घातलेल्या हाताच्या घडीचंही तेच.

गप्प बसला, म्हणजे कबूल आहे

रावेर-यावलकडे केळीचा व्यापारी बांधावर येऊन भाव सांगतो. शेतकरी उकिडवा बसून काडीने मातीत रेघा ओढत राहतो. नवख्याला वाटतं, सौदा झाला. तो मात्र खत, ठिबक, मजुरी यांचा हिशेब मनात मांडत असतो आणि बऱ्हाणपूरच्या भावाशी ताडून बघत असतो. हात थांबेपर्यंत थांबा.

घरात हीच चूक जास्त खोल जखम करते. मुलगी पाहायला पाहुणे येतात, ती मान खाली घालून बसते, आणि बैठकीत ठरतं, ‘काही बोलली नाही, म्हणजे पसंत आहे’. दहा मोठ्या माणसांपुढे ती नाही कशी म्हणणार? मामीने, वहिनीने तिला एकटीला बाजूला घेऊन विचारावं, आणि ‘नाही’ म्हणालीस तरी कुणी रागावणार नाही, हे आधी सांगावं. हे झाल्याशिवाय नारळ-सुपारीची बोलणी करू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

शब्दांना किंमतच न देणं

‘संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के’ हा आकडा प्रशिक्षणांत सर्रास सांगतात. तो अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आला. त्यांत सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्याचे फोटो वापरून बोलणाऱ्याची आवड-नावड ओळखायची होती. सगळ्या बोलण्याला तो लागू नाही, हे मेहराबियन यांनीही स्पष्ट केलं आहे. सुराला महत्त्व आहेच. अहिराणीतलं ‘बरं शे’ (बरं आहे) झटकन आलं तर होकार असतो, लांबवून आलं तर बऱ्याचदा नाइलाज. पण ‘माझ्याकडे आत्ता पैसे नाहीत’ असं कुणी सरळ सांगितलं, तर आधी ते ऐका.

अंदाज चुकला असं वाटलं तर

विचारा, पण ‘तुम्ही चिडलात ना?’ असं लेबल लावून नको. दिसलं तेवढंच सांगा: ‘भाऊ, मघाशी केळीच्या भावाचा विषय निघाला तेव्हा तुम्ही गप्प झालात. काही बोलायचं राहिलं का?’ चारचौघांत उत्तर मिळणार नाही असं वाटलं, तर चहाच्या टपरीकडे चालता चालता विचारा. शेजारी चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, आणि पुष्कळ माणसं तिथे मोकळी होतात.