बोटीचा सेल्फ घेईना? नवी बॅटरी आणण्याआधी या चुका टाळा

पाऊस मागे हटला, कासच्या पठारावर फुलं बघायला गर्दी झाली, की बामणोली-तापोळ्याकडून फोन सुरू होतात. वाक्य ठरलेलं. "मिस्त्री, बॅटरी नवीकोरी हाय, तरी सेल्फ घेईना झालाय." पावसाळाभर शिवसागराच्या (कोयना धरणाच्या जलाशयाच्या) काठावर प्लास्टिकखाली झाकलेली बोट नुकतीच पाण्यात सोडलेली असते, वासोटा किल्ल्याला जाणारी पोरं जॅकेट घालून तयार असतात आणि इंजिन नुसतं कट-कट करत बसतं.

मी साताऱ्यातला गाड्यांचा इलेक्ट्रिशियन, बोटी नंतर हातात आल्या. सुरुवातीला मीही गाडीच्याच सवयीने "बॅटरी बदलून बघू" म्हणायचो. आता म्हणत नाही. का, ते एका काळ्या वायरीने शिकवलं.

चूक पहिली आणि सगळ्यात महाग: सगळं खापर बॅटरीवर

एका बोटवाल्याने एकाच हंगामात दोन बॅटऱ्या घेतल्या होत्या. तिसरी घ्यायच्या बेतात होता. मी बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर मल्टिमीटर धरला. स्वस्थ असताना १२.७ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.८. बॅटरी दमदार होती. मग मीटरची एक पिन स्टार्टरच्या (सेल्फच्या मोटरच्या) नटावर, दुसरी इंजिनाच्या बॉडीवर धरून पुन्हा सेल्फ मारायला सांगितला. ७.६ दाखवले. मधले ३.२ व्होल्ट वाटेतच कोणीतरी गिळत होतं.

लाल, म्हणजे प्लसच्या वायरीच्या दोन टोकांना मीटर लावला तर ०.३. काळ्या, म्हणजे मायनसच्या वायरीच्या दोन टोकांना लावला तर २.९! सापडला चोर. वरून बघाल तर थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी) चकचकीत, नट घट्ट. ब्लेडने तीन बोटं इन्सुलेशन सोललं, तेव्हा आतलं तांबं हिरवट-काळं पडलेलं दिसलं. चिमटीत चोळलं तर भुकटी हातात आली. पणतीच्या वातीने तेल वर चढतं ना, तसं पाणी तारांच्या मधून आत चढलेलं. वायर बदलली, जुन्या दोन्ही बॅटऱ्या चार्ज करून बघितल्या, दोन्ही ठीक निघाल्या.

ही तपासणी तुम्हीही करू शकता. लक्षात एवढंच ठेवायचं की ती सेल्फ मारत असतानाच करायची, कारण करंट वाहत नसेल तर खराब जोडही निर्दोष दिसतो. किल स्विचची (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) दोरी काढून ठेवली तर बरीच इंजिनं फिरतात पण पेटत नाहीत, त्यामुळे मापायला निवांत मिळतो. एका बाजूच्या वायरीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर त्या वायरीचे जोड उघडा. एक पिन खुंटीवर आणि दुसरी तिच्यावरच्या क्लॅम्पवर धरूनही बघा; इथे तर जवळजवळ शून्यच दिसायला हवा. दिसला नाही, तर खुंटी आणि क्लॅम्प घासून साफ करा. पांढरी-हिरवी बुरशी असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून ओता (सेलच्या बुचांतून आत जाऊ देऊ नका), पुसा, घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन आणि मग क्लॅम्प, असं करणारेही भेटतात.

बॅटरी खरोखर गेली आहे का, तेही मीटरच सांगतो. चार-पाच तास स्वस्थ राहिलेल्या बॅटरीवर १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. भरलेली असूनही सेल्फ मारताना साडेनऊ-दहाच्या खाली कोसळत असेल, तर मात्र खुशाल नवी आणा.

पीळ देऊन टेप गुंडाळणं

घरच्या वायरिंगचं उरलेलं बंडल बोटीत वापरणं हा आपल्याकडचा आवडता उद्योग. एकेरी जाड तारेची वायर बोटीच्या थरथरीने मोडते. बारीक तारांची लवचिक वायर घ्या, कल्हई केलेली मिळाली तर सोन्याहून पिवळं. जोड पीळ देऊन नाही, थिंबल दाबून करा आणि वरून आत गोंद असलेली, गरम केली की आवळणारी नळी चढवा. काळी टेप मेच्या उन्हात पाघळते आणि जूनच्या पावसात आतलं पाणी धरून ठेवते. आपल्याकडे खारं पाणी नाही, त्यामुळे कोकणच्या मानाने गंज उशिरा येतो हे खरं. पण महाबळेश्वरच्या पायथ्याचा पाऊस आणि धुकं काही कमी नाही.

वायरीची जाडीही बघा. बिल्ज पंप (बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी बाहेर फेकणारा) बॅटरीपासून ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर वायर होते. तिथे १ चौरस मिलिमीटरची वायर टाकली आणि पंपाने ५ अँपियर ओढले, तर जवळपास ०.९ व्होल्ट वायरच खाते. पंप चालतो, पण मरगळून. मग पंपाला शिव्या.

बिल्ज पंपाची वायर बॅटरीवरून थेट आणि स्वतःच्या फ्यूजमधूनच जावी, मेन स्विचच्या मागून नको. बोट बांधून घरी गेलात की मेन स्विच बंद असतो, आणि पाणी साचतं ते नेमकं तेव्हाच. महिन्यातून एकदा फ्लोट (पाणी चढलं की पंप सुरू करणारा तरंगता स्विच) हाताने उचलून पंप सुरू होतो का बघा. गुणगुणतो पण पाणी फेकत नाही, असं असेल तर दोष विजेचा नाही. पात्यात दोरा किंवा गुटख्याची पुडी अडकलेली असते. पर्यटकांची कृपा.

फ्यूजच्या जागी चांदी

सिगारेटच्या पाकिटातली चांदी, तांब्याची तार, १० चा उडाला म्हणून ३० चा. फ्यूज वस्तूसाठी नसतो, वायरीसाठी असतो. तो उडेनासा केला की उडायला वायरच उरते, आणि तिच्या शेजारी पेट्रोलचा कॅन असतो. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आतच हवा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधल्या वायरीला कोणाचंच संरक्षण नसतं. पुन्हा पुन्हा उडत असेल तर त्यावर चालणारी एकेक वस्तू काढत जा. बऱ्याचदा मागाहून लावलेली एलईडी पट्टी किंवा म्युझिक सिस्टीम सापडते.

पेट्रोलवरून आठवलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी बसून राहते. टाकी किंवा इंजिन बंद कप्प्यात असेल तर झाकणं उघडून, वास घेऊन, वारा खेळू देऊन मगच स्विचला, पान्याला किंवा चार्जरच्या चिमट्याला हात लावा.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढणं

"चार्जिंग होतंय का बघू" म्हणत चालू इंजिनावर क्लॅम्प उपसणारे मिस्त्री गॅरेजमध्ये अजून आहेत. जुन्या डायनामोच्या काळात ते खपून गेलं. आउटबोर्डवर (बोटीच्या मागे टांगलेल्या इंजिनावर) असं केलंत तर व्होल्टेज एकदम उसळतं आणि रेक्टिफायर-रेग्युलेटर (इंजिनाची वीज बॅटरीजोगी करून देणारा भाग) जातो. बॅटरीचा मेन स्विच चालू इंजिनावर बंद करणं म्हणजेही तेच. सरळ मीटर लावा. रेस दिल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.५ दिसलं की चार्जिंग ठीक. छोट्या आउटबोर्डची कॉइल मंद गतीत फारच थोडा करंट देते. दिवसभर हळू फिरवून वर गाणी लावली, तर संध्याकाळी सेल्फ मिळणार नाही, आणि त्यात कोणाचाच दोष नाही.

जीपवरून बॅटरी जोडताना प्लस-मायनस उलटं झालं तरी मरतो तो रेक्टिफायरच. घाईत, उन्हात रंग उडालेल्या वायरींवर हे सहज होतं. खुंटीवरची खूण बघा, वायरीच्या रंगावर जाऊ नका.

पावसाळ्यात बॅटरी बोटीतच सोडणं

बोटीत कुठेतरी ५० मिलिअँपियर झिरपत असेल, म्हणजे रेडिओचं घड्याळ किंवा चार्जिंग सॉकेटचा निळा दिवा, तरी महिन्याला ३६ अँपियर-तास जातात. ६० ची बॅटरी दोन महिन्यांत रिकामी होते आणि रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट बसतं. मग ती पुरती भरत नाही. जूनच्या आधी बॅटरी काढा. आधी मायनस सोडायची, नंतर प्लस; लावताना उलट क्रम. घरी महिन्यातून एकदा चार्ज करा. बोटीतल्या वायरी मात्र झाकून ठेवल्या तरी उंदीर कुरतडतात, तेव्हा बोट पाण्यात सोडण्याआधी एकदा हाताने चाचपा.

मला बोलावण्याआधी

किल स्विचची दोरी जागेवर आहे? गिअर न्यूट्रलमध्ये आहे? मेन स्विच चालू आहे? इंजिनाच्या झाकणाखालचा फ्यूज बघितला? या चारपैकी एकासाठी मी साताऱ्याहून कास ओलांडून बामणोलीला उतरलो आहे, आणि दोरी खिशातून निघाल्यावर चहा पिऊन परत फिरलो आहे.

आणि वासोट्याच्या पायथ्याशी अडकलात, रेंज नाही, तर बऱ्याच छोट्या आउटबोर्डांबरोबर एक आणीबाणीची दोरी येते. झाकण काढून ती फ्लायव्हीलच्या खाचेत गुंडाळून ओढायची. गिअर न्यूट्रल, मागे कोणी उभं नको, आणि फिरत्या चाकाजवळ गळ्यातला गमछा नको. मात्र ती दोरी बोटीत असायला हवी. मी मागतो तेव्हा ती बहुतेक गोठ्यात म्हशीला बांधलेली असते.