क्रूझच्या केबिनमध्ये चार्जिंग: या चुका टाळा (पहिली मी स्वतः केली आहे)

बॅलार्ड पिअरच्या क्रूझ टर्मिनलवर एक्स-रे मशीनमधून माझी बॅग बाहेर आली आणि तिथल्या माणसानं ती बाजूला ओढली. आत दारूची बाटली नव्हती की चाकू नव्हता. होता तो माझा चार सॉकेटचा स्पाइक गार्ड. "हा वर नेता येणार नाही, काका." मी अंबडच्या कारखान्यात बावीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्स केलेला माणूस. ही तर सुरक्षिततेचीच वस्तू आहे, असं त्याला ऐकवलंसुद्धा. त्यानं शांतपणे स्पाइक गार्डला टॅग बांधला, अर्धी पावती माझ्या हातात ठेवली आणि मागच्या बाईंना पुढे यायची खूण केली. सौ. काहीच बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

पुढचे चार दिवस डेकवर बसून विचार करायला भरपूर वेळ होता, आणि चूक माझीच होती हे पहिल्याच संध्याकाळी पटलं. तेव्हापासून इंदिरानगरच्या मेहुणीपासून सोसायटीतल्या जोशीकाकांपर्यंत जो कोणी क्रूझला निघतो, तो आधी मला बॅगेचा फोटो पाठवतो. दर वेळी तेच सांगतो, म्हणून एकदा लिहूनच काढतो.

स्पाइक गार्ड बोटीवर का चालत नाही

घरी काय असतं? डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल जमिनीत अर्थ केलेला असतो. त्यामुळे सॉकेटच्या दोन तारांपैकी फेजमध्ये २३० व्होल्ट आणि न्यूट्रलमध्ये जवळजवळ शून्य. टेस्टर एकाच भोकात पेटतो, हे आपण लहानपणापासून बघतो.

बोटीवर जमीनच नाही. तिथं जनरेटर, तारा आणि भोवती जहाजाचा पोलादी सांगाडा. बऱ्याच जहाजांवर सॉकेटच्या दोन्ही तारा या सांगाड्यापासून मुद्दाम अलग ठेवलेल्या असतात. म्हणजे सांगाड्याच्या हिशेबानं दोन्ही तारा जिवंत. घरच्यासारखा गरीब न्यूट्रल तिथं नाही. यामागं कारण आहे. घरी एक तार अर्थला लागली की ब्रेकर पडतो, दहा मिनिटं अंधार होतो, आपण वायरमनला फोन करतो. भर समुद्रात पंप किंवा सुकाणूची मोटर अशी एका फॉल्टनं बंद पडून कसं चालेल? म्हणून पहिला अर्थ फॉल्ट झाला तरी यंत्रणा चालूच राहते, फक्त कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजतो आणि जहाजाचे इलेक्ट्रिशियन फॉल्ट शोधायला निघतात.

आता आपला स्पाइक गार्ड उघडून बघा. आत गोल बिस्किटासारखे व्हॅरिस्टर असतात. व्होल्टेज ठरावीक मर्यादेपलीकडं गेलं की ते जादा करंट अर्थकडे वळवतात. न्यूट्रल शून्याजवळ आहे आणि फॉल्ट झाला तर ब्रेकर पडेल, असं गृहीत धरून हे सगळं जुळवलेलं असतं. बोटीवर यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. एका तारेला फॉल्ट झाला की दुसरीचं सांगाड्याशी असलेलं व्होल्टेज वाढतं आणि फॉल्ट सापडेपर्यंत वाढलेलंच राहतं. व्हॅरिस्टर क्षणभराच्या झटक्यासाठी बनवलेला. तासन्‌तास ताण आला की तो तापतो. त्यातून तो जुना असेल, नाशिकच्या वळिवाच्या पावसातले चार-पाच उन्हाळे खाल्लेला असेल, तर आधीच अर्धा दमलेला. त्यातून आग लागू शकते. अमेरिकेच्या कोस्ट गार्डनं २०१३ मध्ये नेमक्या याच गोष्टीवर सुरक्षा इशारा काढला होता.

अर्थात, "माझा व्हॅरिस्टर अमुक व्होल्टचा आहे, तुमच्या बोटीवर काही होणार नाही" असा वाद तुम्ही घालू शकता. मीही घातला असता. पण हजारभर केबिन असलेल्या जहाजावर प्रत्येक डबा उघडून बघत बसायला कुणाला वेळ आहे?

साधा एक्स्टेंशन बोर्ड, आत व्हॅरिस्टर नसलेला? त्याबाबत कंपन्यांचे नियम वेगवेगळे आहेत आणि बदलतही असतात. काही सरसकट नको म्हणतात. तिकिटासोबत येणारी मनाई वस्तूंची यादी आपण वाचत नाही, ती वाचा. शंका असेल तर बोर्ड घरीच ठेवा.

चार माणसं, एक सॉकेट: मग करायचं काय?

जुन्या जहाजाच्या केबिनमध्ये आरशाच्या टेबलापाशी एक-दोन सॉकेट असतात, संपलं. आई, बाबा, दोन मुलं, म्हणजे चार फोन, एक स्मार्ट वॉच, इअरबड्स, कॅमेरा. यावर उपाय एकच आणि तो स्वस्त आहे: तीन-चार यूएसबी पोर्टचा एक चांगला चार्जर. भिंतीतला एक सॉकेट वापरतो, बाकी सगळं यूएसबीच्या कमी व्होल्टवर चालतं. मी ६५ वॅटचा घेतला. लॅपटॉप आणि फोन दोन्ही त्यावर होतात, फक्त सगळे पोर्ट भरले की वॅट वाटले जातात, त्यामुळे लॅपटॉप हळू चार्ज होतो. रात्री आधी फोन, मग घड्याळं, असा पाळीचा नळ लावायचा.

एमजी रोडला अशा चार्जरचा ढीग दिसेल. दीडशे रुपयांचा "सेम टू सेम" उचलू नका. मागच्या बाजूला बारीक अक्षरं असतात, ती दुकानातच मोबाईलच्या कॅमेऱ्यानं मोठी करून वाचा. भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि इंग्रजी 'आर' अक्षरापुढं आठ आकडी नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. दुसरी ओळ इनपुटची. तिथं १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं असेल तरच तो बोटीवर न्या.

पिन बसली म्हणजे व्होल्टेज बसलं नाही

बऱ्याच जहाजांवर अमेरिकन पद्धतीचे चपट्या पिनांचे ११० व्होल्टचे आणि युरोपियन पद्धतीचे गोल दोन पिनांचे २२० व्होल्टचे, असे दोन्ही सॉकेट शेजारी-शेजारी असतात. आपला मोबाईलचा दोन पिनांचा चार्जर युरोपियन सॉकेटमध्ये बहुतेक बसतो. थ्री-पिन टॉप बसत नाही. मग आपण अडॅप्टर लावतो, आणि इथं गैरसमज होतो. ट्रॅव्हल अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही.

मेहुणीला अमेरिकेतल्या भाच्यानं केस सरळ करायचं मशीन पाठवलंय, फक्त ११० व्होल्टचं. ते २२० च्या सॉकेटला लावलं तर एकदाच चालेल. उलट आपली २३० व्होल्टची किटली ११० ला लावली तर ताकद जेमतेम पाव राहते. चहा होईपर्यंत गोवा येईल. आणि मुळात किटली नेऊच देत नाहीत.

आणखी एक. ते मोठे 'युनिव्हर्सल' ठोकळे, सगळ्या देशांच्या पिना बाहेर येणारे, वजनानं जड असतात. बोट डुलली की ते सॉकेटमधून अर्धवट सुटतात, पिन ढिली राहते, ठिणगी पडते. छोटा, घट्ट बसणारा अडॅप्टर बरा. लॅपटॉपची पॉवर कॉर्ड चार्जरच्या विटेसारख्या डब्यापासून वेगळी होत असेल तर चपट्या पिनांची दुसरी कॉर्डच घ्या, ठोकळ्याची भानगडच नको.

बाथरूममधल्या शेव्हरच्या सॉकेटला फोन लावायचा मोह होतो. त्यामागचा छोटा ट्रान्सफॉर्मर रेझरपुरताच असतो. तो रेझरलाच राहू द्या.

आपल्या बॅगेतल्या खास वस्तू

नाशिकच्या डिसेंबरची सवय असलेली मंडळी बादलीत टाकायचा पाणी तापवायचा रॉड घेऊन निघतात. मी थट्टा करत नाही, दोन घरांच्या फोटोत तो दिसला. इस्त्री, रॉड, किटली, छोटा राइस कुकर, हीटिंग पॅड: तापणारी कुठलीच वस्तू चालत नाही. डासांचं लिक्विड मशीनसुद्धा तापणारंच आहे, आणि भर समुद्रात डास कुठून येणार? सासूबाईंना संध्याकाळी निरांजन आणि उदबत्ती हवी असते. दोन्हीला केबिनमध्ये सक्त मनाई आहे. बॅटरीवरचा दिवा न्या, देव समजून घेतो.

घरात कुणी झोपताना सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून हवा देणारं) लावत असेल तर मात्र संकोच करू नका. बुकिंगच्या वेळीच कळवा. बहुतेक कंपन्या जहाजावरची स्वतःची एक्स्टेंशन कॉर्ड पलंगापाशी लावून देतात. डिस्टिल्ड वॉटरही मागता येतं.

पॉवर बँक बोटीवर सहसा चालते, पण सिंगापूरला जाऊन बोट पकडणार असाल तर विमानाचा नियम आधी. पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकायची नाही, हातातल्या बॅगेत ठेवायची. विनापरवानगी १०० वॉट-अवरपर्यंत. हिशेब सोपा आहे: २०,००० एमएएचला ३.७ व्होल्टनं गुणून हजारानं भागा, ७४ येतात. २७,००० म्हणजे जवळपास काठावर. सिंगापूर एअरलाइन्सनं १ एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायलाही बंदी केली आहे, त्यामुळे फोन घरूनच भरून निघा.

सगळे झोपलेले असताना चार्जिंग

घरी आपण फोन उशीखाली चार्जिंगला लावून झोपतो. केबिनमध्ये अजिबात नको. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कॅलिफोर्नियाजवळ 'कन्सेप्शन' नावाच्या डायव्हिंग बोटीला आग लागली आणि खालच्या डेकवर झोपलेली ३४ माणसं गेली. आग नेमकी कशानं लागली हे चौकशीत ठरवता आलं नाही, पण ती जिथून सुरू झाली असावी त्या वरच्या हॉलमध्ये रात्री फोन आणि कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या होत्या. रात्रपाळीचा पहाराही नव्हता. क्रूझ जहाज ही त्यापेक्षा फार वेगळी गोष्ट आहे. स्प्रिंकलर, धूर ओळखणारे सेन्सर, चोवीस तास गस्त, सगळं असतं. तरी लिथियम बॅटरी एकदा बिथरली की ती विझवणं सोपं नसतं.

म्हणून केबिनमध्ये जागं कुणीतरी असताना, संध्याकाळी आंघोळ-तयारी चालू असते तेव्हा, चार्जिंग उरकायचं. टेबलाच्या कडक पृष्ठभागावर. गादीवर, रजईवर, पडद्याला टेकून नाही. फुगलेली पॉवर बँक असेल तर ती नाशिकलाच ई-कचऱ्यात द्या. आणि चार्जिंगला लावलेली वस्तू गरम लागली, वास आला, तर सहज हात पोचत असेल तरच काढा; नाहीतर बाहेर पडा, दार ओढून घ्या आणि लगेच फोन करा. तो नंबर पहिल्या दिवशीच्या सुरक्षा कवायतीत सांगतात. आपण तेव्हा सेल्फी काढत असतो.

"चार्जच होत नाहीये!"

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि दहातल्या सहा वेळा उत्तर दाराशेजारच्या कार्डात असतं. अनेक केबिनमध्ये कार्ड खोबणीत असेपर्यंतच दिवे आणि काही सॉकेट चालू राहतात. तुम्ही फोन लावून जेवायला गेलात, कार्ड खिशात, परत आलात तर फोन होता तिथंच. कार्ड आत असतानाच चार्ज करा.

पलंगाजवळच्या यूएसबी पोर्टला फोन कासवाच्या गतीनं भरत असेल तर तो पोर्ट बिघडलेला नाही, कमी ताकदीचा आहे. घड्याळ, इअरबड्स तिथं लावा आणि फोन स्वतःच्या चार्जरला.

पोर्टमध्ये ओलावा असल्याची सूचना स्क्रीनवर आली तर ती खरी माना. एसी केबिनमधला गार फोन दमट डेकवर नेला की त्यावर बाष्प धरतं, शिवाय खारं पाणी पिनांना गंज आणतं. केबल काढा, फोनचं तोंड खाली करून हलकेच झटका, काही तास कोरडा होऊ द्या. हेअर ड्रायर मारू नका, तांदळात पुरू नका, फुंकरही नको. बाल्कनीत उन्हात फोन चार्ज करायला ठेवला असेल तर तो तापून आपोआप चार्जिंग थांबवतो. सावलीत आणा, थोड्या वेळानं सुरू होतं.

बॅटरी चार्ज होते पण दुपारीच संपते? किनारा सुटला की फोन दिवसभर नेटवर्क शोधत राहतो. एअरप्लेन मोड टाका, लागलं तर त्यावर वायफाय चालू करा. जहाजाच्या स्वतःच्या मोबाईल नेटवर्कला चुकून जोडले गेलात तर रोमिंगचं बिल बॅटरीपेक्षा जास्त झोंबतं.

सॉकेट खरंच मेलेला असेल तर टीव्हीमागचा प्लग उपटून तिथं फोन लावू नका. रिसेप्शनला फोन करा, माणूस येतो. मलाही स्वतःचा टेस्टर काढावासा वाटला होता. सौंनी बघितलं, तेवढं पुरलं.

शेवटच्या रात्रीची एक गंमत. मोठ्या बॅगा झोपायच्या आधी दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या सकाळी टर्मिनलवर मिळतात. आम्ही चार्जर, केबल सगळं नीट बांधून त्याच बॅगेत घातलं होतं. सकाळी फोन १२ टक्क्यांवर, टॅक्सी बुक करायची होती, आणि संध्याकाळची पंचवटी एक्स्प्रेसची तिकिटं त्याच फोनमध्ये. एक केबल आणि एक चार्जर खांद्यावरच्या पिशवीत ठेवा.

उतरताना टॅग लावलेल्या वस्तूंचं एक टेबल होतं. त्यावर इस्त्र्या, किटल्या, एक रॉड, आणि सातआठ स्पाइक गार्ड. माझ्यासारखेच दिसणारे तीन होते. पावती दाखवून माझा घेतला.