गोळाफेक शिकवताना या चुका टाळा: हाताची चूक पायात शोधा

'गोळाफेक' या नावातच पहिली चूक दडलेली आहे. मराठीत फेक, हिंदीत फेंक. इंदूरच्या शाळांतल्या मुलांच्या कानावर दोन्ही पडतात. मग मूल गोळा हातात घेतं आणि सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे चेंडू फेकावा तसा फेकतं. होळकर संघाच्या आणि सी. के. नायडूंच्या या गावात गल्लोगल्ली क्रिकेट, त्यामुळे हाताला सवय तीच. गोळा मात्र ढकलायचा असतो. नियमानुसार सुरुवातीला गोळा मानेला किंवा हनुवटीला टेकलेला, नाहीतर अगदी लगत हवा. ढकलताना हात तिथून खाली येता कामा नये आणि गोळा खांद्यांच्या रेषेमागे जाता कामा नये. म्हणून मैदानावर पहिल्या दिवसापासून 'फेक' म्हणूच नका. 'ढकल' म्हणा, 'धक्का दो' म्हणा.

पुढचं सगळं वर्णन उजव्या हाताच्या मुलांसाठी आहे. डावखुऱ्यांना उलट करून दाखवा. त्यांना उजव्या हाताने ढकलायला लावू नका.

स्पर्धेचा गोळा पहिल्याच दिवशी

आंतरराष्ट्रीय नियमांत १८ वर्षांखालील मुलांचा गोळा ५ किलोचा, मुलींचा ३ किलोचा असतो. शालेय स्पर्धेच्या वयोगटाचं वजन त्या वर्षीच्या परिपत्रकात पाहून घ्या. पण आठवीतल्या नवख्या मुलाच्या हातात थेट ५ किलो दिले, की त्याची बोटं मागे दुमडतात, गोळा तळव्यात बसतो, कोपर खाली येतं आणि पुढे वर्षभर तुम्ही तेच दुरुस्त करत राहता. पहिले दोन आठवडे २ किलोचा मेडिसिन बॉल (सरावाचा मोठा, जड चेंडू) दोन्ही हातांनी छातीपासून ढकलू द्या, मग २ किंवा ३ किलोचा गोळा द्या. एका सत्रात १५ ते २० ढकली पुरेत. थकलेलं मूल चुकीचीच हालचाल पक्की करतं.

गोळा तळव्यात

गोळा बोटांच्या मुळांवर बसतो. मधली तीन बोटं त्याच्या मागे, अंगठा आणि करंगळी बाजूंनी आधाराला. तपासायला सोपी युक्ती: गोळ्याला खडूची पूड चोळा. ढकलून झाल्यावर पूड बोटांच्या मुळांवर आणि जबड्याखाली मानेवर दिसायला हवी. तळव्याच्या मध्यभागी पांढरं वर्तुळ उमटलं तर पकड चुकली. मानेवर काहीच नसेल तर गोळा आधीच मानेपासून सुटला, आणि ही चूक बहुतेकदा शिक्षकाच्या नजरेतून निसटते.

कोपर पडणं

मानेपासून गोळा निघेपर्यंत कोपर गोळ्याच्या मागे राहायला हवं, साधारण खांद्याच्या उंचीला. ते बरगड्यांना चिकटलं की गोळा ढकलला न जाता भिरकावला जातो. अंतर कमी होतंच, शिवाय कोपराच्या आतल्या बाजूला आणि खांद्याला ताण बसून ते दुखू लागतात. कोपर दुखत असेल तर त्या दिवशी सराव थांबवा.

'कोपर वर ठेव' असं दहा वेळा ओरडून फारसं काही होत नाही, कारण कोपर बहुतेकदा आपण होऊन पडत नाही. कंबर फिरायच्या आधीच हाताने घाई केलेली असते. पाय काम करत नाहीत, म्हणून हात एकट्याने ओझं उचलू पाहतो. इथून पुढे पायांकडे पाहा.

पाय: खरी शिकवणी इथे

ग्लाइड, म्हणजे वर्तुळात मागून पुढे सरकत येऊन ढकलणं, शिकवण्याआधी किमान तीन-चार आठवडे नुसती उभ्याने ढकल करून घ्या. चुना टाकून ढकलीच्या दिशेत एक सरळ रेषा आखा. उजव्या पायाची टाच आणि डाव्या पायाचा चवडा या रेषेवर. पायांतलं अंतर खांद्यांच्या रुंदीच्या सुमारे दीडपट. वजन उजव्या पायाच्या चवड्यावर, उजवा गुडघा वाकलेला, आणि हनुवटी, गुडघा, चवडा जवळपास एका उभ्या रेषेत. छाती आणि नजर मागच्या बाजूला.

आता क्रम. उजवा चवडा जमिनीवर पिळतो, टाच बाहेर वळते, गुडघा फिरतो, त्यामागे कंबर, मग छाती, सगळ्यात शेवटी हात. गोळा हातात न देता हा पीळ रोज २० वेळा करून घ्या. जोडीदाराने मागून उजवा हात धरून ठेवावा आणि मुलाने फक्त कंबर पुढे आणावी. पोटाच्या बाजूला ताण जाणवला की हालचाल बरोबर झाली.

डावा पाय हा दाराच्या बिजागरीसारखा. तो ताठ होऊन थांबला तरच उजवी बाजू वेगाने फिरते. ढकलताना डावा गुडघा वाकला की सगळा जोर जमिनीत जातो आणि गोळा सपाट निघतो. डावा हातही छाती समोर आली की शरीराजवळ आखडून थांबवायचा. तो मागे भिरभिरत गेला की खांदाही त्याच्यामागे जातो.

पाय बदलण्याची, म्हणजे उजवा पाय पुढे आणि डावा मागे नेण्याची, घाई हा मोठ्या मुलांचा दोष. गोळा सुटायच्या आधीच ती उडी मारून पाय बदलतात आणि जमीनच सोडून देतात. सरावातल्या निम्म्या ढकली पाय न बदलता करून घ्या.

कोनाबद्दल एक गैरसमज वर्गातून मैदानावर येतो: ४५ अंशांत ढकलला की गोळा सर्वांत लांब जातो. गोळा जमिनीवरून नव्हे, डोक्याच्याही वरून सुटतो, आणि फार वरच्या कोनात ढकलताना शरीराला तेवढा वेग देता येत नाही. चांगल्या खेळाडूंचा कोन ४० अंशांच्या आतच असतो. मुलांना अंश सांगू नका. चार-पाच मीटरवर दोन खांबांना अडीच-तीन मीटर उंच दोरी बांधा आणि तिच्यावरून ढकलायला सांगा.

ग्लाइडमध्ये उडी

पाठ फिरवून सुरू होणारी ही पद्धत १९५०च्या दशकात पॅरी ओब्रायनने रूढ केली. डावा पाय स्टॉप बोर्डच्या (वर्तुळाच्या पुढच्या कडेवरच्या अडणीच्या) दिशेने खालून झेपावतो आणि उजवा पाय जमिनीलगत ओढून वर्तुळाच्या मध्याजवळ येतो. मुलं इथे उजव्या पायावर वर उडी मारतात, डोकं उचलतात, आणि मध्ये येईपर्यंत छाती समोर झालेली असते. मागे काही राखलेलंच नाही, तर ढकलणार काय? उपाय: मागे जमिनीवर एक रुमाल टाका आणि उजवा पाय टेकेपर्यंत नजर त्यावरून हलू देऊ नका. कान लावून ऐका: उजवा आणि डावा पाय जवळजवळ लागोपाठ, 'टक-टक' टेकायला हवेत. मध्ये थांबा ऐकू आला तर वेग तिथेच मेला.

गोळा कुठे पडतो त्यावरूनही निदान होतं. सतत डावीकडे जात असेल तर डावा पाय रेषेपासून फार डावीकडे पडतोय किंवा डावा खांदा आधी उघडतोय. उजवीकडे जात असेल तर डावा पाय रेषा ओलांडून उजवीकडे पडतोय, त्यामुळे कंबरेला फिरायला वाटच नाही.

माती आणि मैदान

माळव्याची काळी माती पावसात गोळ्याला आणि बुटांना चिकटते, उन्हाळ्यात दगड होऊन भेगाळते. पावसात वर्तुळाशेजारी गोणपाट ठेवा; गोळा, बूट, हात पुसल्याशिवाय आत पाऊल नको. उन्हाळ्यात आदल्या संध्याकाळी पाणी मारून माती खुरपा, नाहीतर गोळ्याचा वळ उमटत नाही आणि मोजणी अंदाजपंचे होते.

वर्तुळाचा व्यास २.१३५ मीटर. सेक्टर, म्हणजे गोळा जिथे पडायला हवा तो पट्टा, आखायला कोनमापक नको: केंद्रापासून १० मीटर लांबीच्या दोन दोऱ्या काढा, त्यांच्या टोकांत ६ मीटर अंतर ठेवा. कोन आपोआप ३४.९२ अंशांचा येतो.

सगळ्यांनी एका रेषेमागे उभं राहायचं, दोघांत तीन-चार मीटर अंतर. शिट्टीवर ढकल, दुसऱ्या शिट्टीवर सगळ्यांनी मिळून गोळे आणायचे, हातात धरून. परत ढकललेला किंवा घरंगळत सोडलेला गोळा पायाची बोटं मोडू शकतो.

आणि सरावातही बाद म्हणजे बाद. स्टॉप बोर्डच्या आतल्या बाजूला पाय लागलेला चालतो, वरच्या बाजूला नाही. गोळा पडल्यावरच, मागच्या अर्ध्या भागातून बाहेर यायचं. टेप वळाच्या वर्तुळाकडच्या कडेपासून केंद्राकडे ताणायचा, आणि आकडा स्टॉप बोर्डच्या आतल्या कडेवर वाचायचा.