सोळा घरे, सतरा खुंटे

गणिताच्या एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी ‘लोकवाद्ये आणि नृत्यातील गणित’ हा विषय घेतला. अमरावती जिल्ह्यातील आमच्या गावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतले खंजिरी भजन नेहमी होत असल्याने सारी सामग्री घरबसल्या मिळेल, असा माझा समज होता. हाच विषय निवडणाऱ्यांनी तो समज ठेवू नये.

सुरुवात एकतारीपासून करावी. शिंप्याच्या टेपने मोजली तेव्हा आमच्या एकतारीची वाजती तार 72 सेंटीमीटर भरली. ताण तोच राहिला तर कंपनसंख्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात बदलते, त्यामुळे 36 सेंटीमीटरवर वरचा षड्ज आणि 48 वर पंचम मिळायला हवा होता. प्रत्यक्षात बोटाने तार दाबल्यावर दोन्ही स्वर किंचित चढे लागले. दाबल्याने ताणही वाढतो, हे उमजायला मला दोन दिवस लागले. तारेला जेमतेम टेकेल असा लाकडी ठोकळा खाली सरकवल्यावर उत्तर जुळले.

खरी फजिती तिहाई वाजवताना झाली. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणे. केरवा तालाच्या आठ मात्रांची दोन आवर्तने म्हणजे सोळा, म्हणून मी चार ठोक्यांचा तुकडा तीनदा आणि मध्ये दोन-दोन मात्रांची विश्रांती असा हिशेब वहीत मांडून भजनात खंजिरी वाजवली, आणि शेवटचा ठोका समेच्या एक मात्रा आधीच पडला. शेजारी बसलेले म्हातारे बुवा हसून म्हणाले, “पोरी, घरं सोळा असले तं खुंटे सतरा लागतेत.” समेपासून निघून पुन्हा समेवर यायचे तर शेवटचा ठोका सतराव्या मात्रेवर हवा, म्हणजे तुकडा विषम मात्रांचाच घ्यावा लागतो: पाचचा घेतला तर विश्रांती एकेक मात्रेची, तीनचा घेतला तर चार-चारची. म्हणून वही उघडण्यापूर्वी महिनाभर टाळ धरावा, असे मी सुचवीन.

टिपऱ्यांच्या खेळाला मी उशिरा हात घातला, याची खंत आहे. आत आठ आणि बाहेर आठ मुली समोरासमोर उभ्या राहून परस्परविरुद्ध दिशेने एकेक जागा सरकल्या, तर जोडी दर वेळी दोन जागांनी बदलते आणि प्रत्येकीला केवळ चारच सोबतिणी भेटतात. नऊ-नऊ मुली घेतल्या की सगळ्या भेटतात. मी हे फळ्यावर मांडत असताना एक मुलगी म्हणाली, “ताई, म्हणूनच माझी मैत्रीण मला कधीच भेटत नव्हती!” दुसऱ्या दिवशी तिने आणखी दोघींना खेळायला आणले.